मदत हवी आहे: अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेमध्ये भारतातून आलेल्या सासू-सासऱ्यांना मोजायचं का?

नमस्कार मंडळी,

आम्ही न्यू जर्सीत राहतो. गेल्या आठवड्यात सेन्सस ब्युरोचं, म्हणजे इथल्या जनगणना खात्याचं, पाकीट आलं. वर आमचं नाव नाही, नुसतं ‘या पत्त्यावरचे रहिवासी’ आणि खाली ठळक अक्षरांत, उत्तर देणं कायद्याने बंधनकारक आहे. आधी वाटलं फसवणुकीचं असेल. मग ब्युरोच्या साइटवर जाऊन बघितलं, तर हा सर्व्हे खराच आहे. २००५ पासून तो वर्षभर, दर महिन्याला वेगवेगळ्या घरांत चालू असतो. वर्षाला सुमारे ३५ लाख पत्ते निवडतात. पूर्वी दर दहा वर्षांच्या जनगणनेत काही घरांना मोठा फॉर्म यायचा, तो २००० नंतर बंद झाला आणि त्याची जागा याने घेतली.

फॉर्म भरायचाच आहे, त्यात शंका नाही. अडलंय ते ‘या घरात कोण राहतं’ या पहिल्याच पानावर.

घरात आत्ता सहा माणसं आहेत. मी, नवरा, सहा वर्षांची मुलगी, तीन आठवड्यांचं बाळ आणि सांगलीहून आलेले आई-बाबा (सासू-सासरे). ते बाळंतपणासाठी आलेत. येऊन पंचवीस दिवस झाले, परतीचं तिकीट अजून पाच महिन्यांनी आहे. व्हिसा अर्थातच पर्यटकाचा. फॉर्मवर लिहिलंय की इथे दोन महिन्यांपेक्षा जास्त काळ राहणाऱ्या प्रत्येकाला धरा. त्या हिशोबाने ते दोघं आत येतात. पण २०२० च्या जनगणनेत आमच्याकडे माझी आत्या फिरायला आली होती, तेव्हा परदेशातून भेटीला आलेल्यांना मोजत नाहीत असं स्पष्ट होतं. मग इथे वेगळं का?

आईंना फार धास्ती वाटतेय. ‘आमची नावं कशाला सरकारदरबारी, उद्या व्हिसाला आडवं आलं तर?’ हे त्या रोज दोनदा तरी विचारतात. फॉर्मवर नागरिकत्वाचा प्रश्न आहे, त्यामुळे मलाही त्यांना छातीठोकपणे काही सांगता येईना. बाबांचं मत अगदी उलट. ते प्राथमिक शिक्षक होते, २००१ आणि २०११ या दोन्ही जनगणनांची ड्युटी केली आहे. मिरज तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर खांद्याला पिशवी अडकवून फिरले आहेत. ते म्हणतात, ‘दारात आलेल्या प्रगणकाला माणूस लपवून सांगायचा नसतो. एका घराने दोन माणसं लपवली की पुढे दहा वर्षं त्या वस्तीला पाणी कमी पडतं.’ काल रात्री ते माझ्याशेजारी बसून नमुन्याचा फॉर्म वाचत होते. घरात गरम-थंड पाण्याचा नळ आहे का, इमारत कधी बांधली, कामावर जायला किती वाजता निघता, सगळं वाचून म्हणाले, ‘आमच्या घरयादीत पण असंच विचारायचो.’ तेव्हापासून हे नीट आणि खरं भरायचं असं मी मनाशी ठरवलंय.

तर प्रश्न असे:

१. आई-बाबांना धरायचं की नाही?
२. बाबांची पेन्शन उत्पन्नात येते का? ती रुपयांत, महाराष्ट्रातल्या बँकेत जमा होते.
३. ‘घरी इंग्रजीखेरीज कोणती भाषा बोलता’ याला मुलीसाठी काय लिहू? आम्ही तिच्याशी मराठीत बोलतो, ती बहुतेकदा इंग्रजीत उत्तर देते. अगदी मराठी लिहावं इतकी ती बोलते का, असं नवरा म्हणतो.
४. ही माहिती इमिग्रेशनकडे जाते का?

ज्यांनी हा फॉर्म भरलाय त्यांनी कृपया सांगा. ऐकीव माहिती नको, आईंना पटवायचंय.

– सायली_एनजे

खडीसाखर:
बाळाचं अभिनंदन! आम्ही दोन वर्षांपूर्वी भरला होता. आई-बाबांना धरायचं. जनगणनेत ‘एरवी कुठे राहता’ हे बघतात, या सर्व्हेत ‘सध्या कुठे राहताय’ हे बघतात, फरक तिथे आहे. हा वर्षभर चालतो ना, म्हणून. हिवाळ्यात फ्लोरिडाला जाऊन राहणारी म्हातारी जोडपी तिथल्याच घरात मोजली जातात. आणि दोन महिने म्हणजे झालेले दिवस अधिक पुढे राहायचे दिवस. तुमचे पंचवीस दिवसच झालेत म्हणून वगळू नका. बाळालाही धरा, कितीही लहान असलं तरी.

भरला नाही तर आधी स्मरणपत्रं, मग कागदी फॉर्म येतो. तरीही उत्तर गेलं नाही, तर त्यातल्या काही घरी माणूस येतो. ओल्या बाळंतिणीच्या घरी तो व्याप नको. ऑनलाइन एका बैठकीत होतो.

पाटीपेन्सिल:
चौथ्या प्रश्नाबद्दल. टायटल १३ नावाच्या कायद्याखाली ही माहिती गोळा होते. कोणत्या घराने काय उत्तर दिलं हे ब्युरो दुसऱ्या कुठल्याही खात्याला देऊ शकत नाही, इमिग्रेशनलाही नाही. फोडणाऱ्या कर्मचाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद, अडीच लाख डॉलरपर्यंत दंड. नागरिकत्वाचा प्रश्न आहे, पण व्हिसा कोणता हे विचारत नाहीत. सोशल सिक्युरिटी नंबरही नाही. कुणी तो मागितला तर समजा की तो माणूस ब्युरोचा नाही. आईंना हे एवढंच वाचून दाखवा.

पेन्शनसाठी वेगळी ओळ आहे. मागच्या बारा महिन्यांची रक्कम डॉलरमध्ये, अंदाजे चालते. खात्री हवी तर पत्रावरच्या मदतक्रमांकावर फोन करा.

क्वीन्सकर:
मी शहर नियोजनात काम करतो, हे आकडे रोज वापरतो, म्हणून तिसऱ्या प्रश्नावर जरा लांब लिहितो.

मुलीसाठी ‘हो’ आणि ‘मराठी’ लिहा. ती भाषा किती चांगली बोलते हे कोणी विचारत नाही, पुढचा प्रश्न फक्त इंग्रजी किती चांगलं येतं हा आहे. घरात तिच्याशी मराठी चालते आणि ती थोडीफार बोलते, एवढं पुरे.

आणि ‘इंडियन’ असं लिहू नका, कळकळीने सांगतो. इंडियन नावाची भाषा नाही, त्यावरून तुमची भाषा ओळखता येत नाही. भाषांच्या नेहमीच्या तक्त्यात २०१६ पासून गुजराती, हिंदी, उर्दू, पंजाबी, बंगाली, तेलुगू, तमिळ यांना आपापली ओळ आहे. मराठी मात्र ‘नेपाळी, मराठी किंवा इतर इंडिक भाषा’ अशा एकत्र ओळीत जाते. वेगळा आकडा हवा असेल तर अधूनमधून निघणारा तपशीलवार तक्ता शोधावा लागतो. मला हे दर वेळी खुपतं. शाळेला दुभाष्या लागेल का, दवाखान्यात मराठी पत्रक ठेवावं का, हे विचारायला कोणी आलं की माझ्याकडे दाखवायला नेपाळीत मिसळलेला आकडा असतो. न्यूयॉर्क शहरातल्या क्वीन्स भागात २०१३ पासून बंगालीत मतपत्रिका मिळते, ती याच सर्व्हेच्या आकड्यांवरून. तिथल्या बंगाली घरांनी फॉर्म भरले होते.

बाबांना माझा नमस्कार सांगा. प्रगणकाचं काम काय असतं ते मला ठाऊक आहे.

सायली_एनजे:
सगळ्यांचे मनापासून आभार. आत्ता बाळ झोपलं तेव्हा भरून टाकला. सहाही माणसं धरली. भाषेच्या चौकटीत पाच वेळा ‘मराठी’ लिहिलं (बाळाला पाच वर्षांखालचं म्हणून तो प्रश्नच नाही). पेन्शनचा हिशोब बाबांनी स्वतः कागदावर केला.

आईंना कायद्याचं वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं, मग म्हणाल्या, ‘जन्मतारीख नीट लिही, दाखल्यावरची, खरी नव्हे.’ पासपोर्टवर तीच आहे, तीच लिहिली.