नायट्रो आणि नायट्रेट यांच्यामधला एक ऑक्सिजन

वरच्या एका प्रतिसादात टीएनटी (ट्रायनायट्रोटोल्युइन) आणि नायट्रोग्लिसरीन ही एकाच जातीची नायट्रो संयुगे असल्याचे म्हटले आहे. दोन्ही स्फोटक आहेत एवढे खरे, परंतु टीएनटीमध्ये नायट्रोजन थेट कार्बनला जोडलेला असतो, तर नायट्रोग्लिसरीनमध्ये त्या दोघांच्या मध्ये ऑक्सिजनचा अणू असतो. म्हणजे ते ग्लिसरॉल आणि नायट्रिक आम्ल यांचे एस्टर (अल्कोहोल आणि आम्ल यांच्या संयोगाने बनलेले संयुग) असून त्याचे रीतसर नाव ग्लिसरिल ट्रायनायट्रेट आहे (नावातला 'नायट्रो' निव्वळ जुन्या सवयीने टिकला आहे). हाच पदार्थ हृदयविकारातील छातीदुखीवर औषध म्हणूनही देतात. हा ऑक्सिजन-नायट्रोजन बंध कमकुवत असल्यामुळेच शरीरातील विकरे त्या रेणूपासून नायट्रिक ऑक्साइड मोकळे करू शकतात आणि रक्तवाहिन्या सैलावतात.

चर्चेत न आलेला गुणधर्म म्हणजे बाष्पनशीलता. ग्लिसरिल ट्रायनायट्रेट गोळीतूनही हळूहळू उडून जाते आणि प्लास्टिकमध्ये शोषले जाते, म्हणून त्या गोळ्या घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीतच ठेवतात. माझ्या वडिलांना जिभेखाली ठेवण्यासाठी दिलेली गोळी मात्र आयसोसॉर्बाइड डायनायट्रेटची आहे. हेही नायट्रेट एस्टरच, पण साधारण ७० अंशांना वितळणारे स्थायू आणि पुष्कळ कमी उडणारे, त्यामुळे ते साध्या पट्टीत मिळते. तरीही नाशिकच्या एप्रिलमधल्या उन्हात ती पट्टी सदऱ्याच्या खिशात घालून पंचवटीभर फिरू नका, असे आमच्या औषधविक्रेत्याने त्यांना बजावले आहे. गोळी विरघळल्यावर त्यांचे डोके ठणकते. १८४७ मध्ये इटालियन रसायनशास्त्रज्ञ सोब्रेरोने नायट्रोग्लिसरीन प्रथम तयार करून किंचित चाखला, तेव्हा त्याचेही असेच ठणकले होते.