छप्पनियाचं पुढे काहीच झालं नाही, मग आयर्लंडमध्ये एवढं कसं झालं?

दांडियाबाजारकर: घरात कुणी अधाशासारखं खाल्लं की आमची आजी म्हणायची, "छप्पनियातून आलायस का रे?" म्हणजे संवत १९५६ चा दुकाळ, १८९९-१९०० चा. बडोदा संस्थानात १८९१ ला २४ लाख माणसं होती, १९०१ ला साडेएकोणीस लाख. आणि मागे उरलं काय तर हे एवढं बोलणं. तिकडे १८४५ ला बटाट्यावर रोग पडला आणि प्रकरण इंग्रजांपासून वेगळं होण्यापर्यंत गेलं. असं का?

सुरसागरकाठ: कारण माणसं बोटीत बसली. १० लाखांच्या आसपास मेले आणि त्याहून जास्त देश सोडून गेले, बरेचसे अमेरिकेत. उपाशी माणूस बंड करत नाही हो, १८४८ मध्ये यंग आयर्लंड या स्वातंत्र्यवादी गटाने करून बघितलं, टिपररीत एका विधवेच्या घराभोवती पोलिसांशी चकमक झाली की संपलं. पण जे गेले त्यांचं पोट भरलं, हातात डॉलर आले, राग होता तसाच. १८५८ ला डब्लिन आणि न्यूयॉर्क, दोन्हीकडे फेनियन उभे राहिले, म्हणजे इंग्रजी सत्ता बळाने उलथवायला निघालेले क्रांतिकारक.

जुनापेन्शनर: डॉलर ठीक आहे, पण खरी गोम जमिनीत. १८४७ चा नियम बघा, पाव एकरापेक्षा जास्त जमीन कसत असाल तर सरकारी मदत नाही. आधी जमीन सोडा, मग खा! आयर्लंडच्या मेयो परगण्यातल्या मायकल डेव्हिटच्या घरच्यांना १८५० ला घराबाहेर काढलं, तेव्हा पोरगं ४ वर्षांचं. त्यानेच १८७९ ला लँड लीग म्हणजे कुळांची संघटना उभी केली, अध्यक्ष आयरिश पुढारी पार्नेल. पुढच्याच वर्षी कॅप्टन बॉयकॉट नावाच्या इस्टेट एजंटशी गावाने बोलणंच टाकलं, कापणीला मजूर मिळेना. बहिष्काराला बॉयकॉट म्हणतात, तो शब्द तिथला.

मांडवीची_मी: काका, अजून एक. धान्य, गुरं बाहेर जातच होती आणि लंडनच्या अर्थखात्यात बसलेला अधिकारी ट्रेव्हेल्यन बाजारात हात घालायला तयार नाही (हाच पुढे १८५९ ला मद्रासचा गव्हर्नर, बोला आता). १८०१ पासून त्यांची स्वतःची पार्लमेंटच नव्हती, त्यामुळे शिव्या कुणाला द्यायच्या ते पक्कं ठाऊक होतं. इथे गादीवर सयाजीराव, आपलाच राजा, राग काढणार कुणावर? आणि सगळीकडेच काही झालं नाही असं नका म्हणू, ब्रिटिश मुलखात १८९६ ला टिळक केसरीतून फॅमिन कोड, म्हणजे दुष्काळात सरकारने काय करायचं त्याचे नियम, समजावत होते, शेतसाऱ्याची सूट मागा म्हणून.

दांडियाबाजारकर: राजा आपला होता हे डोक्यातच आलं नव्हतं. बाकी बॉयकॉट हे माणसाचं नाव आहे असं आत्ता जेवताना सांगितलं तर घरचे म्हणतात, फेकू नकोस.