अनुभव धागा: तुमच्या होमब्रू (स्वतः रचलेल्या) खेळजगात कोण कुणाचं लागतं?

खडूस_डीएम
काल भाचीने विचारलं, "मामा, एल्फ आणि ऑर्कला बाळ झालं तर?" आणि हॉस्टेलचं डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकत गोष्ट रंगवायचा खेळ; एल्फ, ऑर्क, ड्वार्फ या त्यातल्या कल्पित जमाती) आठवलं. पुस्तकात हाफ-एल्फ, हाफ-ऑर्क होते, पण दुसरी बाजू कायम माणसाची. एल्फ-ड्वार्फ संसार कुणी मांडतच नाही! मग मी सरळ कश्यपाचं घर उचललं. अदितीचे आदित्य, दितीचे दैत्य, दनूचे दानव. बाप एक, आया वेगळ्या. तसेच एल्फ, ड्वार्फ, ऑर्क सगळे सावत्र भाऊ. 'ऑर्क जन्मतःच दुष्ट' प्रकरण तिथेच संपलं, उरली बांधावरची भाऊबंदकी. आमचा पॅलाडिन (धर्मयोद्धा) तर ऑर्क सरदाराला 'दादासाहेब' म्हणत वाटणीपत्र मागायला लागला. तलवार अख्खं सेशन म्यानात. तुमच्याकडे काय केलंत? लिहा.

उडती_पाल
कद्रू-विनता (कश्यपाच्याच बायका, एक नागांची आई, दुसरी गरुडाची) आम्हीपण वापरलंय!! उच्चैःश्रवा घोड्याच्या शेपटीवरून पैज, कद्रूने नागपोरांना शेपटीला चिकटवलं काळी दिसावी म्हणून, विनता हरली, दासी झाली. तेव्हापासून आमच्या जगात पक्षीलोक सर्पलोकांकडे पाणी भरतात. पार्टीत (खेळाडूंच्या टोळीत) दोन्हीकडचा एकेक. चहा कोण करणार यावरून दर वेळी वाद. खराखुरा चहा, खेळातला नाही.

बेडूकराव
आमचे गॉब्लिन (खेळातली बुटकी, उपद्रवी जमात) म्हणजे वाढ खुंटलेले ऑर्क. अ‍ॅक्सोलॉटलवरून (बेडकाच्या नात्यातला शेपटीवाला प्राणी) सुचलं. तो आयुष्यभर कल्ले घेऊन पाण्यातच राहतो, अंडीही तशीच घालतो. थायरॉइडचं हार्मोन दिलं की कल्ले जाऊन जमिनीवर येतो. गुहेतल्या पाण्यात आयोडीन नाही, मग ते हार्मोनही नाही, म्हणून गॉब्लिन, एवढंच. पार्टीला दया आली, आयोडीनयुक्त मिठाची गोणी भेट दिली. पुढच्या सेशनला दारात सहाफुटी फौज 😂

साबुदाणावडा
मला यातलं ओ की ठो कळत नाही, लेक खेळतो. परवा त्याच्या खोलीतून "आई मेली, आता गादी कुणाची" ऐकून लाटणं घेऊनच गेले. कुकर झाला, नंतर येते.

बेडूकराव
@साबुदाणावडा काकू 🙏🙏

हाडवैरी
डेनी कुणीच काढली नाही? सायबेरियातली डेनिसोव्हा गुहा, हाडाचा एक तुकडा, त्यातल्या डीएनएवरून डेनीची आई निअँडर्थल आणि बाप डेनिसोव्हन (दोन्ही आपल्यापेक्षा वेगळे, नामशेष मानव). २०१८ ला छापून आलं. हाफ-अमुक हाफ-तमुक, आणि आपल्यासारखा माणूस कुठेच नाही! हाफलिंगसाठी (खेळातली बुटकी माणसं) मी इंडोनेशियातलं फ्लोरेस बेट घेतलं. तिथे २००३ मध्ये जेमतेम मीटरभर उंचीच्या माणसांची हाडं मिळाली, हत्तीचे भाऊबंद स्टेगोडॉनही तिथे बुटके. त्यामुळे माझे हाफलिंग म्हणजे बेटावर अडकून पिढ्यान्‌पिढ्या आखूड झालेली माणसं. पण हे त्यांना सांगायचं नाही, चिडतात.

जुनी_शीट
डी अँड डीच्या २०२४ च्या प्लेयर्स हँडबुकात (नियमपुस्तकात) 'रेस' जाऊन 'स्पीशीज' आलं, हाफ-एल्फ आणि हाफ-ऑर्क दोघांना डच्चू. नाव बदललं ते बरंच केलं, पण सोयरीक का मोडली? माझी हाफ-एल्फ जुन्याच शीटवर (पात्राची माहिती लिहायचा कागद) खेळते. शीटला तेलाचा डाग आहे, तोही आता नकाशात धरलाय.

उडती_पाल
अवांतर: वीस बाजूंचा फासा पुण्यात हातात घेऊन बघता येईल असं दुकान? आमचा मांजराने पळवला.

खडूस_डीएम
आधी फ्रिजखाली बघ.

उडती_पाल
बघितलं. दोन बॉलपेनं आणि एक गोटी. फासा नाही.

साबुदाणावडा
आले परत. गोटी कुणाची गं?