पुराला कॅमेरे आले, मंदीला कुणीच कसं आलं नाही?

शिरोलीकर (धागा सुरू करणारा)

२०१९ चा ऑगस्ट आठवतोय का? पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं, पुणे-बंगळूर रस्ता कित्येक दिवस बंद, आणि देशातली झाडून सगळी चॅनेलं कोल्हापुरात. बोटीत बसून बातम्या. त्यामुळं मदत आली, नाही म्हणत नाही. खरं त्याच महिन्यात देशातली प्रवासी गाड्यांची विक्री आदल्या ऑगस्टपेक्षा ३१ टक्क्यांहून जास्त पडली होती. पाणी ओसरलं तवर शिरोली आणि गोकुळ शिरगाव या कोल्हापूरजवळच्या एमआयडीसींत कास्टिंगच्या (गाड्यांचे पार्ट ओतायच्या) ऑर्डरीच आटल्या होत्या. तीन शिफ्टच्या दोन झाल्या, दोनाची एक. कंत्राटी पोरांना ठेकेदार म्हणाला, "काम आलं की फोन करतो." ते बघायला बोट लागत नव्हती, तरी कोण फिरकलं नाही.

तेव्हा टीव्हीवर काय चाललं होतं? अर्थमंत्री म्हणाल्या होत्या की नव्या पिढीला गाडीचा हप्ता भरण्यापेक्षा ओला-उबर बरी वाटते. त्यावर विनोद, मग विनोदांवर चर्चा. गाडीचा पार्ट ओतणारा माणूस त्या चर्चेत कुठंच नव्हता.

मग २० सप्टेंबरला कंपनी कर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला. सेन्सेक्स एका दिवसात १,९२१ अंकांनी उडाला आणि उद्योगांची दिवाळी आधीच आली म्हणून सगळे खूश. वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचं उत्पन्न सोडतोय, असं सरकारच सांगत होतं. आता हे नीट वाचा: सवलत कंपन्यांना होती. कोल्हापुरातल्या उद्यमनगरातली कितीतरी वर्कशॉपं भागीदारीत चालतात, नाहीतर एकट्या मालकाच्या नावावर. भागीदारी फर्मचा कर ३० टक्के होता, ३० च राहिला. ज्यांच्याकडं मंदी खरोखर आली होती, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना त्या दिवाळीतलं काहीच मिळालं नाही, आणि हे सांगणारी चौकट मला एका पानावर दिसली नाही.

जानेवारी २०२१ ला सेन्सेक्स पहिल्यांदा ५० हजारांवर गेला तेव्हाही तेच. त्याच आर्थिक वर्षाच्या पहिल्या तिमाहीत देशाचा जीडीपी जवळपास २४ टक्क्यांनी आक्रसला होता. दोन्ही गोष्टी एकाच वर्षातल्या, खरं पहिल्या पानावर रंगीत फोटो आकड्याशेजारी हसणाऱ्या दलालांचा.

वरचे अजून वर जातात याचा राग आहेच. त्याहून जास्त राग याचा की शेअर बाजार चढला म्हणजे सगळं बरं आहे, असं धरून बातमी लिहिली जाते. आत्ता आमच्याकडं पुन्हा ओव्हरटाइम बंद झालाय, म्हणून हे परत डोक्यात आलं. कोण काय म्हणतंय बोला.

मशीनशॉपवाला

भावा, निम्मं बरोबर सांगालायस, निम्मं नुसतं रडगाणं. मी जॉबवर्क करतो, कंपन्यांचे पार्ट मशीनवर करून देतो, मशीन कर्जावर आहे, मंदी मला शिकवू नकोस.

अब्जाधीशांची संपत्ती म्हणजे शेअरचा भाव. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात ३,९३४ अंकांनी कोसळला. त्या दिवशी विषमता कमी झाली म्हणून तू बिंदू चौकात साखर वाटलीस का? नाही ना. मग वर गेला की छाती का बडवायची? आणि हल्ली तुझ्या-माझ्या घरातली पोरंच म्युच्युअल फंडाची एसआयपी भरतात.

जागतिक बँकेच्या हिशेबानं देशातली अतिगरिबी २०११-१२ ला १६.२ टक्के होती, २०२२-२३ ला २.३ वर आली. याचा फोटो किती जणांनी छापला? वाईट बातमी विकते, म्हणून ती जास्त छापतात. तू म्हणतोस त्याच्या नेमकं उलटं आहे.

श्रीमंतांवर कर लावा म्हणणाऱ्यांसाठी: संपत्ती कर होता की आपल्याकडं. वर्षाला कसेबसे हजार कोटी गोळा व्हायचे. २०१५ च्या अर्थसंकल्पात तो काढला आणि कोटीच्या वर उत्पन्न असणाऱ्यांवर २ टक्के जादा अधिभार लावला. हिशेब साधा आहे.

पेठेतला

वरच्याला पाठिंबा. जुलै २०२५ मध्येच बातमी होती की भारत जगातला चौथ्या क्रमांकाचा समान देश. जिनी, म्हणजे विषमतेचा आकडा, २५.५; जितका कमी तितकी समानता जास्त. चर्चा संपली.

आकडेमोड

संपली कशी, दादा? मी संख्याशास्त्र शिकवते, त्या बातमीनं माझं डोकं उठवलं होतं.

२५.५ हा खर्चाचा जिनी आहे. कोण किती खर्च करतं यातला फरक. जेवण, कपडे, औषध याला माणूस किती खर्च करणार? श्रीमंताचा पैसा खर्चात दिसत नाही, तो जमिनीत आणि शेअरमध्ये जातो. शिवाय पाहणी करणाऱ्याला बंगल्याचं गेट कोण उघडतं? बरं, दुसऱ्या देशांचे आकडे बऱ्याच ठिकाणी उत्पन्नाचे आहेत. आपला खर्च आणि त्यांचं उत्पन्न एका रांगेत लावून नंबर काढला.

गंमत अशी की जागतिक बँकेच्या ज्या टिपणावरून बातमी झाली, त्यातच लिहिलंय की विषमता कमी दिसत असण्याची शक्यता आहे, आणि जागतिक विषमता डेटाबेसप्रमाणे उत्पन्नाचा जिनी २००४ ला ५२ होता तो २०२३ ला ६२ झाला. तो भाग गाळून उरलेला छापला.

मशीनशॉपवाले दादा, गरिबीचा तुमचा आकडा मला मान्य आहे. खालचा माणूस थोडा वर आला आणि वरचा कितीतरी पटीनं वर गेला, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. अर्थतज्ज्ञ पिकेटी आणि सहकाऱ्यांच्या मार्च २०२४ च्या अभ्यासात वरच्या १ टक्क्याकडं देशातली ४०.१ टक्के संपत्ती होती. एसआयपीवाली पोरं त्या १ टक्क्यात नाहीत.

मशीनशॉपवाला

तो अंदाजच आहे, ताई. आपल्याकडं संपत्तीची मोजणीच होत नाही.

आकडेमोड

बरोबर. संपत्ती कर गेला तसे त्याचे रिटर्नही गेले. मोजायचं साधन आपणच मोडलं.

मिलचा माणूस

आकडं मला कळत न्हाईत. आमची कोल्हापूरची शाहू कापड मिल २००३ ला बंद पडली, तवापास्नं मी बघालोय. जागेवर स्मारक हुणार म्हणून दर दोन-चार वर्षांनी बातमी येती, नकाशा येतो, पुढाऱ्याचा फोटो येतो. कामगाराचं काय झालं हे इचारायला एकजण आला न्हाई. पीएफच्या पेन्शन योजनेत म्हैन्याला कमीत कमी हजार रुपय, २०१४ पास्नं. हजारात ग्यासची टाकी आली की उरतंय काय? कोण श्रीमंत झाला त्याचं मला काय न्हाई. खरं हजाराचं छापा की कवातरी.

पेठेतला

काका, पेन्शनच्या मोर्चाची बातमी आलेली की.

मिलचा माणूस

आतल्या पानावर. चार वळी.

बातमीदार (माजी)

इतका वेळ गप्प होतो. तालुक्यातून बातम्या पाठवायचो, छापलेल्या बातमीच्या सेंटिमीटरवर मानधन. सगळ्या पत्रकारांना विकलेले म्हणून मोकळं व्हायचं असेल तर पुढचं वाचू नका.

अंकाची किंमत तुम्ही देता त्यातून कागद-छपाईही निघत नाही. बाकीचं जाहिरातीतून. जाहिरात देतो कोण? बिल्डर, सराफ, गाड्यांची शोरूम, क्लासवाले, आणि वाढदिवसाला नेत्यांचे शुभेच्छुक. मंदी आली की या जाहिराती आधी बंद होतात. मग जो एखादा उरतो त्याला दुखवायचं नाही, असं न सांगता ठरतं. फोन करून दम द्यायची गरज कुणाला पडत नाही. फ्लॅट विकले जात नाहीत ही बातमी मी दिली होती. छापून आली ती 'घर घेण्याची हीच वेळ' म्हणून.

शिफ्ट कमी झाल्याची बातमी द्यायला आठवडा जातो. कामगार बोलत नाही, मालक बोलत नाही, असोसिएशन 'परिस्थिती सुधारेल' म्हणते. त्या आठवड्यात मी वाढदिवस आणि उद्घाटनं करून पोट भरायचो. पत्रकारांसाठी मजिठिया वेतन मंडळ २०११ ला अधिसूचित झालं, सर्वोच्च न्यायालयानं २०१४ ला ते उचलून धरलं. मला त्यातला छदाम मिळाला नाही, कारण कागदावर मी कर्मचारीच नव्हतो. शिरोलीतल्या कंत्राटी पोरापेक्षा मी वेगळा कुठं होतो?

शिरोलीकर

हे पटलं. तरीही बातमी 'घर घ्या' म्हणून छापणाऱ्याला मी सोडणार नाही. गरीब तुम्ही होता, तो नव्हता.

मशीनशॉपवाला

आता मी एक सांगतो, यावर कोण लिहीत नाही. २००६ च्या कायद्यानं लघुउद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं. नाही दिलं तर बँक दराच्या तिप्पट व्याज. २०२४ पासून तर आयकरातही कलम घातलंय, वेळेत पैसे दिले नाहीत तर मोठ्या कंपनीला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. आणि माझी बिलं? चार-चार महिने. म्हणजे मी बँकेचं व्याज भरून बड्या कंपनीला बिनव्याजी कर्ज देतोय. तिचा तिमाही नफा वाढला की टीव्हीवर तिच्या साहेबाची मुलाखत.

आकडेमोड

दादा, मग इतका वेळ तुम्ही कुणाच्या बाजूनं भांडत होता?

मशीनशॉपवाला

धंद्याच्या. श्रीमंत होण्याला माझा विरोध नाही, मलाही व्हायचंय. माझ्या पैशावर नको एवढंच.

शिरोलीकर

थकलेल्या बिलांची सरकारच्या पोर्टलवर तक्रार टाका की.

मशीनशॉपवाला

टाकली की पुढची ऑर्डर शेजारच्या गाळ्यात जाती.

बातमीदार (माजी)

बिलांच्या तारखा, पैसे जमा झाल्याच्या तारखा, एवढं द्या. माझे एक-दोन मित्र अजून डेस्कवर आहेत. चार-पाच वर्कशॉपांची कागदं एकत्र आली तर पान होतं. कंपनीचं नाव मात्र लागेल, त्याशिवाय घेणार नाहीत.

मशीनशॉपवाला

कागद देतो. कंपनीचं नाव नको, माझंही नको.

बातमीदार (माजी)

मग अवघड आहे.

शिरोलीकर

माझ्या ओळखीचे दोघे गोकुळ शिरगावात आहेत, त्यांना विचारून सांगतो. त्यांचं त्या कंपनीचं काम तसंही सुटलंय.