वेशाचा नियम कोणासाठी कडक असतो?

हर्णै-मुरूड (धागा सुरू करताना)

आमच्या दापोली तालुक्यातल्या बाजारात बुरख्यातल्या स्त्रिया, लुगडे नेसलेल्या कोळणी, तुळशीची माळ घातलेले वारकरी आणि जाळीची टोपी घातलेले वयस्कर मुसलमान एकाच वेळी दिसतात. तरीही 'पोशाखाच्या बाबतीत मुसलमान कट्टर, हिंदू मोकळे आणि ख्रिस्ती लोकांना तर काही बंधनच नाही' हे वाक्य इथे नेहमी ऐकू येते. मला ते मान्य नाही, कारण त्यात आजचे दृश्यच त्या त्या धर्माचा स्वभाव मानले जाते.

याच तालुक्यातल्या मुरूडच्या धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये गोदूबाई या विधवेशी विवाह केला, तेव्हा गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. त्या काळी ब्राह्मण विधवेने केशवपन करावे, लाल आलवण नेसावे, कुंकू आणि दागिने वर्ज्य करावेत, हा धर्माने सांगितलेलाच वेश समजला जाई, आणि तो न पाळणाऱ्या घराला वाळीत पडण्याची भीती असे. आज आलवण नेसलेली बाई दिसत नाही, आणि त्यामुळे धर्म बुडाला असेही कोणी म्हणत नाही. म्हणून एखादा समाज किती कडक आहे हे अंगावरच्या कापडावरून न ठरवता, तो वेश टाकणाऱ्याशी समाज कसा वागतो यावरून ठरवावे, असे माझे मत आहे. मुसलमान समाजाला ही कसोटी लावायची, तर आपल्या देवस्थानांनाही लावली पाहिजे.

गुरववाडी

दादा, आलवण आणि देवळातले सोवळे आपण एकाच मापाने मोजत आहात, हे न्याय्य नाही. आलवण जन्मभराचे होते आणि बाईच्या दुर्दैवाला शिक्षा म्हणून जोडलेले होते. त्याचे समर्थन मी करणार नाही. सोवळे जागेपुरते आणि कामापुरते असते. आमच्या घराण्याकडे पूजेची पाळी आहे. गाभाऱ्यात जायचे तर स्नान करून सोवळे नेसावे लागते, अंगात शर्ट चालत नाही, आणि हा नियम पुरुषांवरच अधिक बसतो. पूजा आटोपली की मी तुमच्यासारखाच पँट घालून बाजारात जातो.

राहिला प्रश्न देवळात येणाऱ्या पर्यटकांचा. समुद्रावरून ओल्या अर्ध्या चड्डीत थेट सभामंडपात येणाऱ्याला थांबवले, तर त्यात कोणाचे स्वातंत्र्य हिरावले गेले? तुमची कसोटीही मला अपुरी वाटते. मोडला तरी काहीच होत नाही असा नियम दोन पिढ्यांतच विस्मरणात जातो, आणि मग त्या जागेचे वेगळेपणही राहत नाही.

वसई-पश्चिमपट्टी

नियम गेला म्हणजे श्रद्धा जाते असे नाही, हे मी आमच्या चर्चच्या अनुभवावरून सांगते. कॅथलिक चर्चच्या १९१७ च्या धर्मसंहितेत स्त्रियांनी उपासनेच्या वेळी डोके झाकावे असा स्पष्ट नियम होता. १९८३ च्या नव्या संहितेत तो ठेवलेलाच नाही. आमच्या गावात त्यासाठी कोणाला भांडावे लागले नाही आणि मिस्सेची, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक उपासनेची, गर्दीही त्यामुळे ओसरली नाही. आमच्याकडे जुन्या बायका अजूनही डोक्यावर पदर घेऊन बसतात आणि त्यांच्या नाती उघड्या डोक्याने शेजारी बसतात.

उलट, आमच्या वसईतल्या सामवेदी ख्रिस्ती बायकांचे लाल लुगडे कोणत्याही धर्मग्रंथात सांगितलेले नव्हते. ते समाजाचे होते, तरी ते सोडणाऱ्या पहिल्या मुलींना जास्त बोलणी खावी लागली. सणाला आणि लग्नाला मीही हौसेने नेसते, म्हणून त्याच्याविषयी माझ्या मनात अढी नाही. पण 'धर्म' म्हणून जे सांगितले जाते त्यातले पुष्कळसे गावाचे असते, हे मात्र मी पाहिले आहे.

बाणकोट-खाडी

धागाकर्त्यांची कसोटी मला अर्धीच पटते, कारण त्यांनी दबाव फक्त समाजाकडून येतो असे गृहीत धरले आहे. मी शिक्षिका आहे आणि हिजाब स्वतःहून घालते. माझी आजी साडी नेसून पदर डोक्यावर घेई. बुरखा आमच्या मोहल्ल्यात आखातातल्या नोकऱ्यांच्या काळात वाढला, हे मी नाकारत नाही. परंतु आजीचा पदर तेवढा कोकणी आणि माझा हिजाब परका, असे इतरांनी ठरवावे हे मला मान्य नाही.

कर्नाटक उच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये वर्गातल्या हिजाबबंदीला मान्यता दिली. सर्वोच्च न्यायालयात ऑक्टोबर २०२२ मध्ये दोन न्यायमूर्तींची मते परस्परविरुद्ध पडली. चेंबूरच्या एका महाविद्यालयाने हिजाब आणि टोपीवर घातलेल्या बंदीला ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम स्थगिती दिली, मात्र वर्गात बुरख्याला परवानगी दिली नाही. इकडे राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदात शिखांचे कृपाण धारण करणे हा धर्माचरणाचा भाग मानलेला आहे आणि मोटार वाहन कायद्याने पगडीधारी शिखांना हेल्मेटमधून सूट दिली आहे. मग शिक्षणाच्या दारात एका मुलीच्या डोक्यावरच्या रुमालाचीच एवढी अडचण का व्हावी?

हर्णै-मुरूड

ताई, महाविद्यालयाच्या दारात मुलीला अडवू नये, याबाबत मी पूर्णपणे आपल्या बाजूने आहे. अशा बंदीने तिचे शिक्षणच थांबते. पण मला एका गोष्टीचे उत्तर हवे आहे. आपल्याच मोहल्ल्यातल्या एखाद्या मुलीने उद्या हिजाब घालायचे नाही असे ठरवले, तर तिच्या लग्नाच्या बोलण्यांत त्याचा उल्लेख होणार नाही का? तो होत असेल, तर आपण जी निवड केली ती तिलाही तितकीच मोकळी आहे असे कसे म्हणता येईल?

बाणकोट-खाडी

उल्लेख होईल, आणि मला त्याचे वाईट वाटते. कुराणातल्या सूरह नूरच्या तिसाव्या आयतीत नजर खाली ठेवण्याची आज्ञा आधी पुरुषांना दिलेली आहे, आणि स्त्रियांविषयीची आज्ञा त्यानंतरच्या आयतीत येते. आमच्याकडे दुसरी आयत घरोघर सांगितली जाते, पहिलीची आठवण मुलांना क्वचितच करून दिली जाते. हे मी मदरशाच्या बैठकीत बोलले आहे आणि पुढेही बोलेन. परंतु हे भांडण आमचे आम्हाला घरात भांडू द्या. बाहेरून बंदी आली की हिजाब नको असलेली मुलगीही गप्प बसते, कारण त्या वेळी बोलणे म्हणजे स्वकीयांविरुद्ध साक्ष देण्यासारखे होते.

वसई-पश्चिमपट्टी

हा शेवटचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. रायगडातल्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू लोकांचेच पाहा: शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांना 'शनवार तेली' म्हणत, सिनेगॉगमध्ये पुरुष डोके झाकत, आणि बायका मात्र शेजारणींसारख्याच लुगडे नेसत. त्यांच्यावर कोणी वेश लादला नाही आणि कोणी काढायलाही लावला नाही. गुरववाडींना मला एवढेच विचारायचे आहे की देवळाच्या दारात पोशाखाच्या नियमाचा फलक लावलाच, तर तो वाचून दारातून परत कोण पाठवले जाते? मी अनेक देवळांत पाहिले आहे की मुलीच्या तोकड्या कपड्यांवर लगेच हटकले जाते आणि तिच्याबरोबरचा अर्ध्या चड्डीतला भाऊ दर्शन घेऊन येतो.

गुरववाडी

असे होते, आणि ते चूक आहे. आमच्या देवळात अजून फलक नाही. लावायचा ठरला तर त्यावर पुरुषांची अर्धी चड्डी स्पष्ट शब्दांत लिहावी, हे मी विश्वस्तांपुढे मांडीन. दाराशी लुंग्या आणि ओढण्या ठेवाव्यात, ज्याला हवी त्याने गुंडाळून आत यावे आणि जाताना परत द्यावी, हेही मला मान्य आहे. तरीही जो लुंगी पुढे केल्यावरही नाकारील, त्याने बाहेरूनच नमस्कार करावा. इथे मी हर्णै-मुरूडांशी सहमत नाही आणि होणारही नाही.

हर्णै-मुरूड

त्याला परत पाठवण्यावर माझा आक्षेप नाही. दर्शन चुकले तरी त्याचे घर, नाते आणि नोकरी शाबूत राहते. गोदूबाईंच्या वेळी तसे नव्हते, आणि बाणकोटच्या त्या मुलीच्या बाबतीतही अजून तसे नाही.