ऑफिससाठी फोन आणि इंटरनेट : अ, ब की क? (तातडीचं आहे, संध्याकाळी सही करायची आहे)

बॉबिन_केस | सोमवार, सकाळी ९:४२
नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. छोटा व्यवसाय आहे. फोनवर आवाज तुटतो, गिऱ्हाइकं वैतागतात. आता एक विक्री प्रतिनिधी येऊन गेला, त्याने तीन पर्याय ठेवलेत.
अ) आहे तीच लाइन, फक्त १०० ऐवजी ३०० एमबीपीएस.
ब) ५०० एमबीपीएस आणि क्लाउड फोन (इंटरनेटवरून चालणारा), ८ एक्स्टेन्शन (म्हणजे आतले फोन).
क) ब मधलं सगळं, शिवाय ते 'अमक्यासाठी १ दाबा, तमक्यासाठी २ दाबा', पण तीन वर्षांचा करार.
ऑफर आजपुरतीच आहे म्हणे. मी क कडे झुकलेय. कोणतं घेऊ एवढंच सांगा, कृपया फाटे फोडू नका.

टीनपाट | ९:५१
भाऊ, तिन्ही नको. आमचा अख्खा धंदा दोन सिमकार्डांवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर चालतो. टेबलावरचा फोन हा प्रकारच आता कालबाह्य झालाय. हॉटस्पॉट लावा, मोकळे व्हा.

बॉबिन_केस | ९:५३
भाऊ नाही, ताई. 'काढतेय' लिहिलंय वर. सिमकार्डाबद्दल विचारलेलं नाही.

बिट_बाय_बिट | १०:०५
ताई, फाटे फोडत नाही, पण इतक्या माहितीवर काहीच सांगता येणार नाही. माणसं किती? एका वेळी किती जण फोनवर असतात? फोन कसला आहे, तांब्याच्या तारेवरचा की इंटरनेटवरचा? आवाज कधी तुटतो? अपलोड, म्हणजे तुमच्याकडून बाहेर जायचा स्पीड, किती मिळतो? तुम्ही दिलेले १००, ३००, ५०० हे सगळे डाउनलोडचे आकडे दिसतायत.

सहज_सुचलं | १०:११
हेडफोन घेताना दोन्ही कानांचा घ्या, एका कानाच्या हेडफोनने मान दुखते. आमच्याकडे तिघांची दुखली.

जुना_वायरमन | १०:२०
एक्स्चेंजमध्ये आयुष्य गेलं म्हणून सांगतो. तांब्याच्या लाइनीसारखी लाइन नाही. तिला एक्स्चेंजमधूनच ४८ व्होल्ट येतात. तुमच्याकडची वीज गेली तरी फोन वाजतो. फायबरच्या डबीला वीज लागते, राउटरला लागते, तुमच्या त्या क्लाउड फोनलाही लागते. वीज गेली की तिन्ही मुके. जुनी लाइन असेल तर सोडू नका.

टीनपाट | १०:२४
काका, तुमच्या त्या लाइनीवर कॉर्डलेस लावलेला असतो आणि त्याचा बेस विजेवरच चालतो. वीज गेली की तोही मुकाच. आणि कितीतरी देशांत तांब्याचं जाळं बंद करणं चालू आहे. कशाला गळ्यात बांधता?

जुना_वायरमन | १०:२९
मी साध्या वायरवाल्या फोनबद्दल बोलतोय. कॉर्डलेस तुम्ही आणलात. आणि बंद होईल तेव्हा होईल, आज चालू आहे ना?

बॉबिन_केस | १०:३४
भांडू नका हो. शिलाई मशीनची दुरुस्ती आणि सुटे भाग, असा व्यवसाय आहे. आठ जण आहोत, तिघांच्या टेबलावर फोन. ते इंटरनेटवरूनच चालतात, फोनवाली कंपनी वेगळी, इंटरनेटवाली वेगळी. काउंटरवर एक जुना फोनही आहे, तो तारेवरचा. आवाज सकाळच्या गर्दीत तुटतो. इंटरनेटवाल्यांचा माणूस तीनदा येऊन गेला, संध्याकाळी सहाला येतो, स्पीड टेस्ट करून '९६ येतोय, लाइन ठणठणीत' म्हणून निघून जातो. आता तरी सांगा, अ, ब की क?

बिट_बाय_बिट | १०:४१
दोनच प्रश्न. काउंटरवरच्या जुन्या फोनवर आवाज तुटतो का? आणि तुटतो म्हणजे तुम्हाला गिऱ्हाइकाचा तुटक ऐकू येतो, की गिऱ्हाइकाला तुमचा?

बॉबिन_केस | १०:५८
जुन्यावर नाही तुटत. आणि हो, आम्हाला त्यांचं अगदी स्वच्छ ऐकू येतं. 'हॅलो, ऐकू येत नाहीये, परत बोला' असं तेच ओरडतात. पार्ट नंबर चार-चार वेळा सांगावा लागतो. परवा एकाने मागवली बॉबिन केस आणि त्याला गेलं शटल हुक. कारण मी विचारलं ते त्याला ऐकूच गेलं नाही, तो आपला हो हो म्हणत राहिला.

बिट_बाय_बिट | ११:०६
हे पहिल्या ओळीत लिहायचं होतंत! त्यांचं तुम्हाला नीट येतंय म्हणजे डाउनलोड मोकळा आहे, तुमचं त्यांना तुटक जातंय म्हणजे अपलोड तुंबलाय. फोनला स्पीड फारसा लागतच नाही. नेहमीच्या जी.७११ कोडेकवर (आवाज डिजिटल करून पाठवायची पद्धत) एक कॉल दोन्ही दिशांना प्रत्येकी ८७ केबीपीएसच्या आसपास घेतो. दहा जण एकदम बोलले तरी १ एमबीपीएस पुरत नाही असं होत नाही. पण तो १ एमबीपीएस वेळेवर आणि सारख्या लयीत मिळावा लागतो. दर २० मिलिसेकंदांना आवाजाचा एक तुकडा निघतो. पुढे रांग असली की तो उशिरा पोचतो, आणि उशिरा आलेला तुकडा समोरचा फोन टाकून देतो. एका बाजूने १५० मिलिसेकंदांच्या आत आवाज पोचला तर बोलणं सहज वाटतं, असा आयटीयूचा (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेचा) दंडक आहे.
आता असं करा. अर्ध्या तासाने, ऐन गर्दीत, एक लॅपटॉप राउटरला केबलने जोडून (वायफायवर नको) टेस्ट घ्या. डाउनलोड, अपलोड, पिंग (जाऊन परत यायला लागणारे मिलिसेकंद) तिन्ही आकडे लिहा. संध्याकाळी सहाच्या टेस्टला काही अर्थ नाही.

खवट_वाचक | ११:१०
'फाटे फोडू नका' लिहिलेल्या धाग्याला सर्वांत जास्त फाटे फुटतात. जागा धरून बसलोय.

हिशेबनीस | ११:२२
आवाजाचं बिट यांनी बरोबर सांगितलंय. माझा मुद्दा वेगळा. गर्दीच्या तासात किती फोन येतात आणि एकेक किती मिनिटं चालतो? ८ एक्स्टेन्शन म्हणजे ८ लाइनी नव्हेत. एका वेळी बाहेरचे किती कॉल आत येऊ शकतात, हा आकडा विचारा. त्याला चॅनेल म्हणतात आणि पत्रकात तो बहुतेक वेळा नसतोच.

बॉबिन_केस | ११:४९
टेस्ट घेतली. डाउनलोड ९१, अपलोड ०.६, पिंग ४८०. सकाळी दुकान उघडल्यावर घेतली होती तेव्हा ९६, ९.४ आणि १२ होती. म्हणजे लाइन खराब ना? मग ३०० ची घेऊन टाकू?
फोन ११ ते १२ मध्ये वीसेक येतात. प्रत्येकी तीन मिनिटं धरा, पार्ट नंबर शोधावा लागतो. चॅनेल दोन आहेत म्हणे, आत्ताच विचारून घेतलं. जुन्या फोनचा नंबर आम्ही आता कुणाला देत नाही, पण आधीच्या सगळ्या मशीनवरच्या स्टिकरवर तोच आहे.

हिशेबनीस | १२:०१
२० फोन गुणिले ३ मिनिटं म्हणजे तासाला ६० मिनिटं बोलणं. याला १ एर्लांग म्हणतात. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत एर्लांग नावाचा गणिती होता, त्याने १९१७ साली याचं सूत्र मांडलं, ते आजही वापरतात. त्याप्रमाणे १ एर्लांगला दोन चॅनेल असतील तर १०० पैकी २० जणांना एंगेज लागणार. तीन केले तर सहा जणांना, चार केले तर दीड. म्हणजे तुम्हाला चार चॅनेल पुरे. आणि आत्ता पाचातला एक गिऱ्हाईक एंगेज ऐकून ठेवून देतोय, हे तुम्हाला कळतसुद्धा नसेल. एंगेज लागलेला माणूस तक्रार करत नाही, दुसरीकडे लावतो.

जुना_वायरमन | १२:०९
दुसरीकडे लावतो यावरून आठवलं. ऑटोमॅटिक एक्स्चेंज कुणी काढलं माहीत आहे का? स्ट्रोजर नावाच्या अमेरिकेतल्या एका अंत्यसंस्कारवाल्याने. सांगतात ते असं, की गावातली टेलिफोन ऑपरेटर त्याच्या स्पर्धकाची बायको होती, आणि याच्यासाठी आलेले फोन ती नवऱ्याकडे जोडून द्यायची. चिडून त्याने ऑपरेटरच नको असं यंत्र बनवलं. १८९१ चं पेटंट. आम्ही कामाला लागलो तेव्हाही स्ट्रोजरच्या रॅकी खडखडत होत्या. पावसाळ्यात काँटॅक्ट घासून साफ करायचे, त्याचा एक खास आवाज यायचा...

खवट_वाचक | १२:१२
काका, वेगळा धागा काढा. मनापासून सांगतोय, वाचेन.

बिट_बाय_बिट | १२:१५
ताई, थांबा, सही नको. लाइन खराब नाही, सकाळी ९.४ अपलोड येतोय. गर्दीच्या वेळी तुमच्याच ऑफिसातलं काहीतरी तो खातंय. बॅकअप? कॅमेरे? कुणी मोठ्या फाइली चढवतं का? आणि प्रतिनिधीला फोन करून विचारा, अ मध्ये अपलोड किती, ब मध्ये किती.

बॉबिन_केस | १२:३७
कॅमेरे आहेत, सहा. दोन महिन्यांपूर्वी बसवले. पण ते दिवसभर चालू असतात, मग सकाळीच का तुटेल? प्रतिनिधी म्हणाला 'मॅडम, अपलोड कोणी बघत नाही'. दोनदा विचारल्यावर म्हणाला अ मध्ये १०, ब आणि क मध्ये २०.

बिट_बाय_बिट | १२:४४
म्हणजे अ घेतलं असतंत तर पैसे वाढले असते आणि अपलोड आहे तेवढाच राहिला असता. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग क्लाउडवर जातं का? हालचाल झाली की रेकॉर्ड, असं सेटिंग आहे का?

बॉबिन_केस | १२:५८
हो. दोन्ही.
अगं बाई. गर्दी असते तेव्हाच हालचाल.

बिट_बाय_बिट | १३:०३
तेच. फुल एचडी कॅमेरा सहज २ एमबीपीएस घेतो. सहा गुणिले दोन बारा, तुमचा अपलोड दहा. ११ वाजता काउंटरवर माणसं हलतात, सहाही कॅमेरे एकदम चढवायला लागतात, आणि त्याच वेळी फोनही येतात. सहा वाजता दुकान शांत असतं, म्हणून त्या माणसाला सगळं ठणठणीत दिसतं. तो खोटं बोलत नव्हता, चुकीच्या वेळी येत होता.
कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग जागेवरच्या रेकॉर्डरवर घ्या, क्लाउडवर फक्त रात्री. मग राउटरमध्ये अपलोडला ८.५ ची मर्यादा घालून फोनला पहिला नंबर द्या. राउटरमध्ये 'एसआयपी एएलजी' नावाचं काही असेल तर तेही बंद करा. फोनला मदत करायला म्हणून असतं, पण बरेचदा त्यानेच आवाज एकतर्फी होतो.

टीनपाट | १३:१०
आणि स्टॅटिक आयपी (इंटरनेटवरचा न बदलणारा पत्ता) घ्याच. कॅमेरे घरून बघायला लागतो.

बिट_बाय_बिट | १३:१४
कशाला? यांचे कॅमेरे क्लाउडमार्फत दिसतात, फोनही आतून बाहेर जोडणी करतात. स्वतःचा सर्व्हर ठेवायचा असेल तर स्टॅटिक आयपी. उगाच खर्चात पाडू नका.

टीनपाट | १३:१६
आमच्याकडे आहे. कधी अडत नाही.

हिशेबनीस | १३:३०
काहीही घेतलंत तरी जुना नंबर बंद करायला आधी अर्ज करू नका. पोर्ट होताना, म्हणजे तोच नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेताना, तो चालू असावा लागतो. बंद केलात आणि मग पोर्ट मागितलात तर स्टिकरवरचा नंबर गेला समजा. बिल कुणाच्या नावावर आहे तेही बघा, नाव जुळत नसेल तर अर्ज परत येतो. आणि तीन वर्षांच्या करारात शोधायच्या ओळी : मध्येच सोडलं तर दंड किती, पहिल्या वर्षानंतर दर काय, मुदत संपली की आपोआप पुढे चालू होतो का. '९९.९ टक्के सेवा' लिहिलेलं असलं तरी महिन्याला ४३ मिनिटं बंद राहायची मुभा असते. नुसतं '९९ टक्के' असेल तर सात तासांहून जास्त. बंद पडलं तर किती तासांत माणूस येणार, हे लेखी मागा. 'आजपुरती ऑफर' उद्याही असते.

सहज_सुचलं | १३:४१
होल्डवर संगीत लावणार असाल तर बासरी नको. झोप येते.

बॉबिन_केस | १३:५२
बिल सासऱ्यांच्या नावावर आहे. ते जाऊन सहा वर्षं झाली. :(
सही केली नाही. प्रतिनिधीला गुरुवारी बोलवलंय.

बॉबिन_केस | गुरुवार, रात्री ९:१५
अपडेट. मंगळवारी कॅमेरेवाल्याकडून रेकॉर्डर बसवून घेतला. काल आणि आज साडेअकराला टेस्ट घेतली : अपलोड ८.३, पिंग १६. आज एकही 'परत बोला' नाही. चॅनेल दोनाचे चार केले, तेही आहे त्याच फोन कंपनीकडून, एका मेलवर झालं. अ, ब, क काहीच घेतलं नाही. प्रतिनिधी आला होता, ऑफर अजून चालू आहे. 'क' बद्दल बोलायचं तर आमचे निम्मे फोन ज्येष्ठ मंडळींचे असतात, त्यांना १ दाबा, २ दाबा नकोच.
राउटर आणि फायबरच्या डबीला छोटा यूपीएस लावला. फायबर तुटलीच तर म्हणून एक सिमवालं राउटरही घेतलं (टीनपाट, खूश?).
आता राहिला जुना नंबर. नाव बदलायचा अर्ज दिलाय, ते झालं की पोर्ट. पण आज भिंतीमागे बघितलं तर त्या तारेतून आणखी एक वायर चोरघंटेच्या पेटीत गेलीये. ही कशाला?

जुना_वायरमन | ९:२८
घंटा वाजली की ती पेटी त्याच लाइनीवरून आपणहून फोन लावते. नंबर पोर्ट झाला की ती लाइन मरेल, आणि पेटी काही न सांगता मुकी होईल. चोरघंटेवाल्याला आधी बोलवा, सिमवर चालणारी पेटी मिळते. ती बसवून एकदा घंटा वाजवून बघा, फोन येतो का ते बघा, मगच पोर्ट.

टीनपाट | ९:३१
सिमवर! काका, स्क्रीनशॉट घेतला.

जुना_वायरमन | ९:३३
घे बाबा.

बॉबिन_केस | ९:४०
तो सोमवारी येतोय. तोवर पेटीचं झाकण उघडून आत काय आहे त्याचा फोटो टाकू का इथे?

जुना_वायरमन | ९:४१
उघडू नका! झाकण काढलं की वाजते ती.