शब्दचर्चा : समन्याय

प्रश्न : एका निकालपत्राच्या मराठी अनुवादात 'समन्याय' हा शब्द दिसला, इंग्रजी 'इक्विटी'साठी. इक्विटी म्हणजे शेअरबाजारातली, एवढंच ठाऊक. कोर्ट समन्यायाच्या नावानं सही केलेल्या करारातली अटसुद्धा बाजूला ठेवतं म्हणे. मग सहीला किंमत काय राहिली?

— शेअरबाजारातला तो समभाग, त्याचा इथे संबंध नाही. समन्याय म्हणजे कोर्टाला दया येणं असंही नाही; कायद्याचं अक्षर अन्याय्य ठरतं तिथे कोर्ट न्यायाची जी तत्त्वं लावतं, ती म्हणजे समन्याय. गहाणखत घ्या. इंग्लंडात फेडीची तारीख चुकली की जमीन गेली, असा जुना कायदा होता. चॅन्सरी कोर्टानं, म्हणजे समन्यायानं निवाडा करणाऱ्या तिथल्या वेगळ्या कोर्टानं, तारखेनंतरही पैसे भरून गहाण सोडवू द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे तोच हक्क 1882च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात, कलम 60मध्ये आहे. 'हा हक्क सोडला' असं गहाणखतात लिहून दिलं तरी तो जात नाही.

— याला अजमेरचा एक खटला जोडतो. 1899चं गहाणखत. अटी दोन : 85 वर्षं सोडवायचं नाही, आणि त्यानंतर सहा महिन्यांत सोडवलं नाही तर हेच खरेदीखत समजायचं. सुप्रीम कोर्टानं 1958 साली सहा महिन्यांची अट रद्दबातल धरली. 85 वर्षांची मात्र कायम! त्यामुळे मुदतीआधी केलेला दावा टिकला नाही. समन्याय अख्खा करार फाडत नाही, तो असा.

— दख्खनच्या कर्जदार शेतकऱ्यांना हे इंग्रजांनी शिकवलं असं समजू नका. मुद्दलाहून जास्त व्याज एकावेळी वसूल करायचं नाही, हा दामदुपटीचा नियम आपल्या धर्मशास्त्रातला. 1875ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांच्या दंग्यात सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जळाले, 1879ला शेतकऱ्यांसाठी कायदा आला आणि कोर्ट रोख्यामागचा देण्याघेण्याचा इतिहास पहिल्यापासून तपासू लागलं.

— माझ्या चुलत्यांनी जमीन 'मुदतखरेदी' दिली. पैसे परत केले की जमीन परत, असं तोंडी ठरलं होतं. हे गहाणच ना?

— दादा, त्याच मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 58ला 1929मध्ये जोडलेलं परंतुक (कलमाला घातलेली मर्यादा) इथे आडवं येतं : परतीची अट त्याच खरेदीखतात लिहिलेली नसेल तर त्याला गहाण धरत नाहीत. आधी खताची नक्कल काढा. अट वेगळ्या स्टॅम्पपेपरवर असेल तर तो फेरखरेदीचा करार, आणि त्यातली तारीख चुकली की कोर्ट सहसा सवलत देत नाही.